‘पर्क’ म्हणजे हक्क की मेहेरबानी? शब्दाचा अर्थ आणि उगम

पारसिककर

माझ्या भाचीला ऐरोलीतल्या एका कंपनीचे नेमणूकपत्र आले आहे. मूळ वेतन, घरभाडे भत्ता आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या खाली ‘पर्क्स’ असा वेगळा मथळा देऊन चार गोष्टी लिहिल्या आहेत : ठाणे स्थानकापासून कंपनीची बस, दुपारचे जेवण, कुटुंबाचा आरोग्य विमा आणि कंपनीच्याच इमारतीतल्या व्यायामशाळेचा वापर. भाची म्हणते की या गोष्टी पगारातच धरल्या पाहिजेत, कारण त्या नसत्या तर तिने जास्त पगार मागितला असता. तिच्या वडिलांच्या मते ही कंपनीची मेहेरबानी आहे, आज आहे तर उद्या नसेल, त्यामुळे दुसऱ्या नोकरीशी तुलना करताना यांची किंमत शून्य धरावी.

दोघांनीही मला पंच नेमले आहे. ‘पर्क’ हा शब्द आपण सगळेच वापरतो, पण तो आला कुठून आणि त्याचा मूळ अर्थ देणगीचा आहे की हक्काचा, हे कळले तर निवाडा करणे सोपे जाईल असे वाटते. जाणकारांनी लिहावे.

शब्दवेध, वाशी

‘पर्क’ हे ‘पर्क्विझिट’ या शब्दाचे एकोणिसाव्या शतकात रूढ झालेले बोलीतले लघुरूप आहे. मूळ शब्द लॅटिनमधला. ‘पेर’ म्हणजे पुरतेपणी आणि ‘क्वाएरेरे’ म्हणजे शोधणे, मागणे. त्यांपासून ‘पेर्क्विरेरे’ हे क्रियापद झाले आणि त्याच्या धातुसाधितावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘पेर्क्विझितुम’, म्हणजे शोधून मिळवलेली वस्तू, लाभ. क्वेश्चन, इन्क्वायरी, रिक्वेस्ट, अक्वायर आणि काँक्वेस्ट ही सगळी याच ‘क्वाएरेरे’ची भावंडे आहेत.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला तो कायद्याच्या भाषेतून, आणि तेव्हा त्याचा नोकरीशी काहीही संबंध नव्हता. वारसाने न येता माणसाने अन्य मार्गाने मिळवलेली मालमत्ता, असा त्याचा अर्थ होता. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद आपण करतो, त्यातल्या दुसऱ्या बाजूचा हा शब्द. जमीनदाराला नियमित खंडाशिवाय त्याच्या कचेरीत जमा होणाऱ्या दंडासारखे जे प्रासंगिक उत्पन्न मिळे, त्यालाही हेच नाव होते. सोळाव्या शतकात अर्थ सरकला आणि ठरलेल्या वेतनाशिवाय एखाद्या पदाबरोबर येणारे उत्पन्न, असा झाला.

पारसिककर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच ‘पदाबरोबर येणारे’ या शब्दांत आहे. इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत भाजताना गळलेली चरबी स्वयंपाकिणीची, जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे नोकरांचे आणि मालकिणीचे जुने कपडे तिच्या खास दासीचे, अशी वहिवाट होती. स्वयंपाकीण ती चरबी विकून पैसे करी आणि त्यासाठी दर वेळी कोणाची परवानगी मागत नसे. मालकाच्या मनात आले म्हणून दिले, तर ते बक्षीस. त्या जागेवर जो काम करील त्याला ते मिळायचेच, तर ते पर्क्विझिट.

नौपाडावासी

‘प्रीरिक्विझिट’ आणि ‘पर्क्विझिट’ यांची गल्लत अगदी छापील कागदपत्रांतही दिसते, म्हणून नमूद करतो. पहिला शब्द पूर्वअटीचा आहे. मरगळ झटकून ताजेतवाने होण्यासाठी इंग्रजीत जे ‘पर्क अप’ म्हणतात, त्याचाही या शब्दाशी संबंध नाही.

सानपाडाकर

आमच्या घरी पापड तळणाऱ्याला पहिला गरम पापड मिळतो. शब्दवेध यांची कसोटी लावली, तर तो पर्क ठरतो, कारण तळणारा बदलला तरी नियम तोच राहतो.

जुना वागळेकर

शब्दवेध यांचा मुद्दा मला पटला, कारण वागळे इस्टेटमधल्या एका ओतकाम कारखान्यात मी नोकरी केली आहे आणि हा फरक तिथे रोज डोळ्यांसमोर असे. धुरळ्यात आणि भट्टीपाशी काम करणाऱ्यांना पाळी सुरू होताना गूळ मिळायचा. भांडारातला माणूस ढेपेचा खडा फोडून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवी, वहीत सही घेई, आणि आम्ही तो खडा डब्याच्या झाकणात टाकून आत जात असू. धूळ घशात गेली तर गूळ बरा, अशी समजूत होती. त्यात वैद्यकीय तथ्य किती, हा वेगळा विषय. महिन्याला साबण आणि वर्षाला दोन टॉवेल मिळत. दिवाळीला मिठाईचा पुडा असे.

आता गंमत पाहा. मिठाई एखाद्या वर्षी हलकी निघाली तर माणसे नाराज होत, पण बोलत नसत. गूळ मात्र एकदा सलग काही दिवस आला नाही, तेव्हा पूर्ण खाते कामाला हात न लावता उभे राहिले. पैशांत पाहिले तर तो गूळ मिठाईच्या पुड्याहून स्वस्तच होता. तरीही कोणते ‘दिलेले’ आहे आणि कोणते ‘आपले’ आहे, हे आमच्यातल्या अंगठा उठवणाऱ्या माणसालाही स्वच्छ कळत होते.

आणखी एक. कँटीनला पुष्कळ जण कंपनीने दिलेली सोय समजतात. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 46 खाली अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीन चालवण्याची सक्ती करता येत असे. कायद्याने जे द्यावेच लागते त्याला ‘पर्क’ म्हणून जाहिरातीत मिरवणे मला तरी योग्य वाटत नाही.

कोलशेतवाला

कामगारांच्या अशा हक्काचे एक ठळक उदाहरण ब्रिटिश आरमाराच्या गोद्यांमधले आहे. जहाजबांधणी करणाऱ्या सुतारांना कामातून उरलेले लाकडाचे तुकडे घरी नेण्याची मुभा होती. त्या तुकड्यांना ‘चिप्स’ म्हणत आणि तुकडा तीन फुटांहून लांब नसावा असा नियम होता. परिणामी चांगले लाकूड तीन फुटांच्या आत बसेल असे कापण्यातच दिवसाचा बराच वेळ जाऊ लागला. सरकारने अनेकदा आवर घालण्याचा प्रयत्न केला, पण कामगार त्याला वेतनाचाच भाग मानत आणि हटत नसत. शेवटी 1801 मध्ये चिप्सची प्रथा बंद करण्यात आली, तीही तशीच नव्हे, तर बदल्यात रोख भत्ता देऊन.

हक्क नसता तर भरपाई कशाला दिली असती? भाचीची बाजू मला इथे बळकट वाटते.

मनुष्यबळ, महापे

मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. कंपनी जेव्हा ‘पर्क्स’ असा वेगळा मथळा देते, तेव्हा तो विचारपूर्वक दिलेला असतो. पगार कमी करणे अवघड असते, सोयी बदलणे तुलनेने सोपे असते. बसमार्गावर प्रवासी उरले नाहीत, तर बस बंद करावी लागते. जेवणाचा कंत्राटदार बदलतो, विम्याची रक्कम दर वर्षी नव्याने ठरते. बहुतेक नेमणूकपत्रांत ‘कंपनीच्या वेळोवेळीच्या धोरणानुसार’ असे शब्द असतात आणि सारा भार त्या शब्दांवर असतो. शब्दाचा इतिहास काहीही असो, आजच्या व्यवहारात भाचीच्या वडिलांचे म्हणणे पूर्ण चूक नाही.

या सोयींना ‘फ्रिंज बेनिफिट्स’ असेही म्हणतात आणि तो शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रुजला. 1942 मध्ये तिथे वेतनवाढीवर सरकारी निर्बंध आले. मग माणसे टिकवण्यासाठी मालकांनी आरोग्य विमा, निवृत्तिवेतन अशा गोष्टी द्यायला सुरुवात केली, कारण त्या निर्बंधाबाहेर होत्या. फ्रिंज म्हणजे कापडाच्या काठाची झालर. पगार हे कापड आणि बाकीची झालर, अशी ती कल्पना आहे.

कोलशेतवाला

मग तुमच्याच उदाहरणातून उलटा निष्कर्ष निघतो. वाढीव पगार देता येत नव्हता म्हणून त्याऐवजी विमा दिला, म्हणजे तो विमा कामाचाच मोबदला झाला. झालर म्हटल्याने त्यामागचे कष्ट कमी होत नाहीत.

कळवेकर

या सगळ्याला मराठीत शब्द आहेत आणि ते इंग्रजीहून नेमके आहेत. मराठेशाहीतल्या वतनपत्रांत ‘हक्क, लाजिमा, मानपान’ असे शब्द जोडीने येतात. गावच्या पाटलाला सरकारातून जे मिळे त्याखेरीज तेल्याकडून तेल, चांभाराकडून वर्षाला पायताणाचा जोड, तांबोळ्याकडून पाने, होळीच्या पहिल्या पोळीचा मान, पोळ्याला बैल पुढे नेण्याचा मान, असे सारे त्या वतनाला चिकटलेले होते. बलुतेदारांनाही सुगीला धान्याचा वाटा ठरलेला असे. हे सगळे पर्क्विझिटच, आणि यातले एकही मेहेरबानी नव्हते. वतनाच्या मानापानासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडले आहेत.

शब्दवेध, वाशी

कळवेकर, उत्तम. भर एवढीच, की परिभाषेत ‘परिलब्धी’ असाही एक शब्द आहे. लॅटिन ‘पेर’ आणि संस्कृत ‘परि’ हे एकाच प्राचीन मुळाचे मानले जातात, त्यामुळे घडण जवळजवळ तीच झाली. भेद उत्तरपदात आहे : लॅटिन शब्द ‘शोधलेले’ म्हणतो, संस्कृत शब्द ‘लाभलेले’ म्हणतो. ‘वरकमाई’ हा शब्द काही जण सुचवतील, पण त्याला टेबलाखालच्या पैशांचा वास आहे, म्हणून तो इथे चालणार नाही.

दिघेकर

कळवेकर, वतनाच्या मानपानाविषयी तुम्ही लिहिलेत ते पाटलाच्या ओट्यावरून दिसणारे चित्र आहे. त्याच गावातले महार वतनही पाहा. त्या वतनदारांना नाममात्र मोबदला, थोडी इनाम जमीन आणि बलुते एवढ्यावर सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम, पडेल त्या वेळी करावे लागे. सांगावे पोहोचवणे, सरकारी माणसाबरोबर धावणे, गावची राखण, मेलेली जनावरे ओढणे, हे सगळे त्यात आले. मेलेल्या जनावराचे कातडे हाही ‘हक्क’ म्हणूनच लिहिलेला असे. एक माणूस हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. त्यांना बलुते सुगीत गोळा करायचे, तेही दारोदार जाऊन आणि देणाऱ्याच्या मर्जीने.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, ते याच गुलामीविरुद्ध. त्यांना बलुत्याऐवजी रोख पगार हवा होता. ही कनिष्ठ गावकी वतने कायद्याने रद्द झाली ती मुंबई राज्याच्या 1958 च्या अधिनियमाने, बाबासाहेबांच्या निधनानंतर.

म्हणून मला हा प्रश्न ‘हक्क की मेहेरबानी’ एवढ्यावर सोडवत नाही. वस्तुरूप लाभ वेतनाच्या वर आहे की वेतनाच्या जागी आहे, हे आधी विचारले पाहिजे. वेतनाच्या जागी असेल, तर त्याला कितीही मानाचे नाव दिले तरी तो माणसाला बांधून ठेवतो. 1936 चा वेतन प्रदान अधिनियम वेतन चलनी पैशांतच द्यावे असे सांगत होता, त्यामागे हाच अनुभव आहे. इंग्लंडमध्ये वस्तूंच्या रूपात मजुरी देण्यावर 1831 मध्येच कायद्याने बंदी आली.

कळवेकर

दिघेकर, ही बाजू मांडलीत ते आवश्यक होते. पाटलाचा मान आणि महाराची सक्ती एकाच वतनव्यवस्थेतल्या होत्या, त्यामुळे एकीचा उल्लेख करताना दुसरी वगळता येत नाही.

जुना वागळेकर

दिघेकरांच्या प्रतिसादातली ‘वर की जागी’ ही विभागणी मी यापुढे वापरणार आहे.

लेखापाल, बेलापूर

पगाराच्या कागदांत काय होते, ते सांगतो. पुढची कलमे 1961 च्या आयकर अधिनियमातली आणि 1962 च्या नियमांतली आहेत; 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा अधिनियम लागू होत असल्याने क्रमांक आणि मर्यादा ताज्या नियमांत पडताळून घ्याव्यात. संकल्पना मात्र जुनीच आहे.

कलम 17 च्या पहिल्या पोटकलमातच ‘वेतन’ या शब्दात पर्क्विझिट समाविष्ट केले आहे. म्हणजे कर घेताना सरकार त्याला देणगी मानत नाही, तुमची कमाई मानते. कलम 17(2) मध्ये त्याची व्याख्या आणि नियम 3 मध्ये त्याचे मूल्य काढण्याची रीत दिली आहे. भत्ता आणि पर्क्विझिट यांत गल्लत करू नये : भत्ता रोख असतो, पर्क्विझिट बहुधा वस्तू, सेवा किंवा सवलतीच्या रूपात असते.

नियम 3 वाचताना ठाणे-नवी मुंबईकरांना विशेष रस वाटेल असा भाग कंपनीच्या घराचा आहे. मालकीचे, सामानाविना घर कंपनीने राहायला दिले, तर त्याचे मूल्य पगाराच्या काही टक्के धरतात आणि ते टक्के शहराच्या लोकसंख्येवर ठरतात. सप्टेंबर 2023 पासूनच्या दुरुस्तीनुसार 2011 च्या जनगणनेत 40 लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात 10 टक्के, 15 ते 40 लाखांच्या शहरात साडेसात टक्के आणि त्याखाली 5 टक्के. त्या जनगणनेत ठाणे शहर सुमारे 18.4 लाखांचे आणि नवी मुंबई सुमारे 11.2 लाखांची होती. त्यामुळे सारख्याच पगाराच्या दोन अधिकाऱ्यांपैकी एकाला मुलुंडला, दुसऱ्याला खाडीपलीकडे वाशीला कंपनीचे घर मिळाले, तर पहिल्याच्या उत्पन्नात दुप्पट रक्कम मिळवली जाते.

आता भाचीच्या चार गोष्टी. घर ते कार्यालय आणि परत, यासाठी कंपनीने दिलेले वाहन करपात्र लाभ धरत नाहीत. कामाच्या वेळेतले जेवण एका जेवणाला 50 रुपयांपर्यंत मोकळे होते. मान्यताप्राप्त योजनेतल्या आरोग्य विम्याचा हप्ता कंपनीने भरला, तर तोही करमुक्त. कंपनीने सर्व कर्मचाऱ्यांना समान रीतीने उपलब्ध करून दिलेली व्यायामशाळा करात येत नाही, बाहेरच्या क्लबचे सदस्यत्व मात्र येते. म्हणजे एवढीच रक्कम रोख मिळाली असती, तर तिच्यावर कर भरावा लागला असता. तुलना करताना हाही फरक धरा.

ऐरोलीकर

लेखापाल, घरभाडे भत्त्याचा विषयही इथल्या माणसांना सलतो. जुन्या करपद्धतीत त्या भत्त्याची सूट काढताना मुंबईत भाड्याने राहणाऱ्यासाठी पगाराच्या 50 टक्क्यांची मर्यादा आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यासाठी 40 टक्क्यांची, हे भाडी पाहता अन्यायाचे आहे.

लेखापाल, बेलापूर

खरे आहे. 1962 च्या नियमांत मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि चेन्नई या चारच शहरांना 50 टक्के होते आणि कार्यालय कुठे आहे यापेक्षा घर कुठे आहे हे पाहिले जाई. पण तो भत्ता आहे, त्यामुळे या धाग्यावर इथेच थांबतो.

शब्दाच्या अर्थाबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयाचा मे 2024 चा निकाल पाहण्यासारखा आहे. बँक कर्मचाऱ्यांना कमी व्याजाने मिळणाऱ्या कर्जावर कर लावण्याच्या नियमाला त्यांच्या संघटनांनी आव्हान दिले होते. न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि ‘पर्क्विझिट’ म्हणजे कर्मचारी ज्या पदावर आहे त्या पदाशी जोडलेला लाभ, असे स्पष्ट केले. शब्दवेध यांनी सोळाव्या शतकातला जो अर्थ सांगितला, तोच अजून चालू आहे.

शब्दवेध, वाशी

हा निकाल मला ठाऊक नव्हता, आभार. पदाशी जोडलेला लाभ काढून घेतला की काय होते, याचे आपल्या देशातलेही एक उदाहरण आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांना मोहिमेवर असताना जो जादा भत्ता मिळे त्याला ते ‘बॅटा’ म्हणत. बंगालमध्ये दुप्पट झालेला हा भत्ता क्लाइव्हने बंद केला, तेव्हा 1766 मध्ये अधिकाऱ्यांनी संगनमताने राजीनामे देऊन बंड उभारले. पुढे 1828 मध्ये बेंटिंकने काही ठाण्यांवर तो निम्मा केला, त्यावरही मोठा रोष झाला. चिप्स, गूळ आणि बॅटा, तिन्ही ठिकाणी माणसे एकसारखीच वागलेली दिसतात.

पारसिककर

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढे गेली, सर्वांचा ऋणी आहे. शब्द हक्काच्या बाजूचा आहे हे मला पटले. पण मनुष्यबळ यांनी सांगितलेले ‘वेळोवेळीच्या धोरणानुसार’ हे शब्द भाचीच्या पत्रातही आहेत, हे आज तपासले. मग हक्क उरतो का?

जुना वागळेकर

कामगार म्हणून कायद्यात बसणाऱ्यांसाठी तरी उरतो. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कलम 9क खाली सेवाशर्ती बदलण्याआधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागे आणि ज्या बाबींसाठी ती लागे त्या चौथ्या अनुसूचीत ‘वहिवाटीने चालत आलेली सवलत किंवा विशेष हक्क काढून घेणे’ ही बाब स्वतंत्रपणे लिहिलेली होती. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आली आहे. आमचा गूळ परत सुरू झाला, तो याच आधारावर; युनियनने पत्रात गुळाच्या वहीतल्या सह्यांचा दाखला दिला होता.

भाची कामगाराच्या व्याख्येत बसेल की नाही, हे तिच्या कामाच्या स्वरूपावर ठरेल.

मनुष्यबळ, महापे

आणि ती त्या व्याख्येत बसत नसेल, तर तिने रुजू होण्याआधीच दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. बस बंद झाली तर प्रवासभत्ता मिळेल का, आणि विम्यात आईवडील धरले आहेत की केवळ पती व मुले. हे विचारल्याने कोणी नोकरी नाकारत नाही. पलीकडच्या बाजूला बसून सांगते, उमेदवार कागद वाचतो याचे आम्हाला बरेच वाटते. जेवण आणि व्यायामशाळा यांचा हिशेब दिघेकरांच्या कसोटीने करावा. मूळ वेतन बाजारभावाला धरून असेल, तर ते वरचे आहे. वेतन कमी ठेवून त्यांचा मोठा आकडा दाखवला असेल, तर वेतनावर बोलणी करावीत.

पारसिककर

दोन्ही प्रश्न भाचीने काल ईमेलने विचारले. विम्यात आईवडील आहेत असे उत्तर आले आहे. बसबद्दल अजून कळवलेले नाही, त्यामुळे तुलनेच्या तक्त्यात तिने विमा पूर्ण किमतीने धरला आहे आणि बसचा रकाना उत्तर येईपर्यंत मोकळा ठेवला आहे. तिच्या वडिलांनीही या तक्त्याला मान्यता दिली आहे.